घसरण्याचे कर्तव्य

बैलांच्या नांगराने जमीन कसण्याचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या स्मरणात एक दृश्य खास असेल. नांगराचा फाळ जमिनीखालच्या एखाद्या जुन्या खुंटात किंवा धोंड्याच्या कपारीत अडकला, की बैलजोडी आपोआप थबकते. जोती ताणली जातात, जू मागे रेटले जाते, आणि नांगऱ्याने हाळी देण्यापूर्वीच जनावराला कळून चुकलेले असते की आता अधिक ओढण्यात अर्थ नाही. मग नांगऱ्या रुमणे उचलून फाळ सोडवतो, बैल चार पावले पुढे टाकतात आणि तास पुन्हा सुरू होते. ह्या थबकण्याला कोणी कधी यंत्रशास्त्रीय नाव दिले नाही. परंतु नांगराचा हाळीस मोडू नये आणि बैलाचा खांदा सुजू नये, ह्याची सारी तजवीज त्या एका क्षणाच्या थबकण्यात होती, आणि ती करणारे जनावर सजीव असल्यामुळे तिच्यासाठी वेगळा भाग बनवण्याची, तो जोडण्याची किंवा वर्षातून एकदा तपासण्याची गरज कोणाला भासली नव्हती.

ट्रॅक्टरला ही समज नाही. त्याच्या इंजिनात पन्नास घोड्यांचे बळ असले, तरी त्यांतल्या एकाही घोड्याला डोळा नाही, खांदा नाही आणि वेदना नाही. मागे जोडलेल्या अवजाराच्या पात्याखाली धोंडा आला काय किंवा वारूळ आले काय, इंजिन आपला जोर पूर्वीप्रमाणेच पुढे ढकलत राहते. आणि हा जोर व तो अडथळा ह्यांच्या मधोमध सापडलेला जो भाग सर्वांत दुबळा असेल, तो मोडून पडतो. बैलाचे ते थबकणे यंत्रात आणण्यासाठी अभियंत्यांनी जी योजना केली, तिला घर्षण क्लच म्हणतात. गावोगावचे मिस्त्री तिला स्लिप क्लच ह्या नावाने ओळखतात. गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरचलित यंत्रावर, म्हणजे आपण ज्याला स्लॅशर म्हणतो त्यावर, ह्या क्लचची निगा कशी राखावी हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे. कारण माझ्या अनुभवात इतका उपयोगी आणि तरीही इतका उपेक्षित भाग दुसरा आढळलेला नाही.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. ट्रॅक्टरच्या पाठीमागे, दोन्ही मोठ्या चाकांच्या मध्ये, खाचा पाडलेल्या एका आखूड दांड्याचे टोक बाहेर आलेले असते. इंजिनाची शक्ती अवजाराला पुरवणारा हा दांडा पीटीओ ह्या अक्षरांनी सर्वतोमुखी झाला आहे. विक्रीसाठी मोठ्या प्रमाणावर बनवलेल्या ट्रॅक्टरवर ही सोय प्रथम आणण्याचा मान अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या १९१८ सालच्या ८-१६ ह्या ट्रॅक्टरकडे जातो. पुढे १९२७ मध्ये अमेरिकेच्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेने ह्या दांड्याच्या फिरण्याचा वेग मिनिटाला ५३६ फेरे असा प्रमाणित केला, आणि तोच कालांतराने ५४० वर स्थिरावला. आज आपल्या तालुक्याच्या गावी कोणत्याही दुकानातून आणलेले अवजार कोणत्याही ट्रॅक्टरला जुळते, त्याचे श्रेय ह्या प्रमाणीकरणाला आहे.

स्लॅशरची रचना सोपी आहे. जाड पत्र्याचे एक पसरट छत, त्याच्या माथ्यावर एक गिअरबॉक्स, आणि छताखाली आडवी फिरणारी जड पाती. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील सेल्मा ह्या गावी १९५१ मध्ये स्थापन झालेल्या बुश हॉग कंपनीने ह्या जातीचे यंत्र इतके लोकप्रिय केले, की त्या देशात कंपनीचे नावच यंत्राचे सामान्यनाम होऊन बसले. दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वळणारे सांधे, असलेल्या एका लांब दांड्यावाटे पीटीओकडून आलेली गती गिअरबॉक्स काटकोनात वळवतो आणि वाढवतोही. पाच फूट रुंदीच्या यंत्राची पाती मिनिटाला ९०० फेरे घेत असतील, तर त्यांच्या टोकांचा वेग तासाला अडीचशे किलोमीटरांच्या वर जातो. ह्या वेगाने फिरणारे, काही किलो वजनाचे पोलादी पाते गवतात लपलेल्या काळ्या पाषाणावर आदळते तेव्हा काय होत असेल, ह्याची कल्पना वाचकांनी करावी. पाती बोल्टावर सैल अडकवलेली असल्यामुळे आघातासरशी मागे दुमडतात, हा बचावाचा पहिला उपाय. परंतु अडथळा मोठा असला, पाती खुंटात रुतली किंवा छताखाली तारेचा गुंता अडकला, तर हा उपाय पुरा पडत नाही आणि सारा धक्का दांड्यावाटे ट्रॅक्टरकडे परत येतो. तो वाटेत अडवणे हे क्लचचे काम होय.

ह्या जोराचा हिशेब एकदा मांडून पाहणे बोधप्रद आहे. पीटीओवर ३८ अश्वशक्ती मिळत असेल आणि दांडा मिनिटाला ५४० फेरे घेत असेल, तर त्यातील पीळ सुमारे ५०० न्यूटन-मीटर भरतो. म्हणजे दांड्याला एक मीटर लांबीची तरफ बसवून तिच्या टोकाला ५० किलोंचे पोते टांगावे, इतका. हा झाला संथपणे चाललेल्या कामाचा पीळ. पाती अकस्मात थांबली की इंजिनाच्या जड चक्रात साठलेली गती त्याच दिशेने झेपावते, आणि तेवढ्या क्षणापुरता पीळ ह्याच्या कित्येक पट होतो. दांड्याच्या नळ्या पिळवटणे, क्रॉसचे कान तुटणे, गिअरबॉक्सचे दात उडणे, आणि फारच दुर्दैव ओढवले तर खुद्द ट्रॅक्टरच्या पोटातील भाग निकामी होणे, हे सारे त्या एका क्षणात घडते.

आता क्लच उघडून आत पाहू. तो दांड्याच्या अवजाराकडील टोकाशी, गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसवलेला असतो. गिअरबॉक्सच्या दांड्यावर पक्का बसलेला एक पोलादी हब, आणि त्याची ताटलीसारखी पाळ. ह्या पाळीच्या दोन्ही बाजूंना घर्षणद्रव्याची एकेक चकती, जिला मिस्त्री लायनिंग म्हणतात. आणि ह्या तिघांना दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या दोन पोलादी प्लेटा. बाहेरून सहा किंवा आठ बोल्ट आरपार गेलेले असतात आणि प्रत्येक बोल्टावर एक कणखर स्प्रिंग नटाने आवळलेली असते. हबची पाळ आणि चकत्या ह्यांना एकमेकींशी जखडणारा एकही खिळा, दात किंवा किल्ली ह्या रचनेत नाही. शक्तीचे सारे वहन केवळ दाबाच्या आणि घर्षणाच्या भरवशावर चालते. मर्यादेत काम असेल तोवर ही जोडणी अखंड पोलादासारखी वागते. मर्यादा ओलांडली की पाळ चकत्यांमध्ये घसरते, धक्का उष्णतेच्या रूपाने विरतो, आणि अडथळा दूर होताच सर्व काही पूर्ववत चालू होते. सावकाराच्या व्यवहारात जामीन राहिलेला मनुष्य जसा ऋणकोवरील आपत्ती स्वतःच्या अंगावर घेतो, तसा हा क्लच गिअरबॉक्सला जामीन राहिलेला असतो.

घर्षणाचे नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंताँ ह्याने १६९९ मध्ये मांडले, आणि कुलोम ह्याने १७८५ च्या आपल्या प्रबंधात त्यांची विस्तृत परीक्षा केली. दोन पृष्ठभागांतील घर्षण हे त्यांना एकमेकांवर दाबणाऱ्या जोराच्या प्रमाणात असते, हा त्यांचा गाभा. म्हणून क्लच किती पिळाला घसरेल हे स्प्रिंगांचा दाब, चकतीची त्रिज्या, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या आणि त्या पृष्ठभागांची स्थिती ह्या चार गोष्टींवर ठरते. उदाहरणादाखल, चकतीची मध्यम त्रिज्या ६ सेंटिमीटर, घासणारे पृष्ठभाग दोन आणि घर्षणांक ०.३५ धरला, तर १,००० न्यूटन-मीटरला घसरण्यासाठी स्प्रिंगांचा एकूण दाब सुमारे २,४०० किलोंचा हवा. आठ स्प्रिंगांत वाटला तर प्रत्येकीच्या वाट्याला तीनशे किलो. आता नटाला हात न लावता केवळ गंजामुळे घर्षणांक दुप्पट झाला, तर क्लचची मर्यादाही आपोआप दुप्पट होईल, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याची पुसटही जाणीव होणार नाही. कुलोमच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली होती: काही पदार्थांच्या बाबतीत दोन पृष्ठभाग जितका अधिक काळ एकमेकांवर स्वस्थ पडून राहतात, तितके त्यांना हलवण्यास अधिक बळ लागते. आपल्या क्लचच्या आजाराचे मूळ ह्या निरीक्षणात सापडते.

कारण स्लॅशर हे ऋतूचे यंत्र आहे. आमच्या विदर्भातल्या संत्र्याच्या बागेत त्याचे खरे काम पावसाचा जोर ओसरल्यावर, भाद्रपदापासून पुढे सुरू होते. उन्हाळ्यात ते गोठ्याच्या आडोशाला पडून असते, आणि मृगाचा पहिला पाऊस पडल्यापासून श्रावण संपेतोवर हवेतला दमटपणा त्याच्या अंगात मुरत असतो. लायनिंगची चकती हा दमटपणा शोषते, तिला चिकटून असलेल्या पोलादी पाळीवर गंजाचा पातळ थर चढतो, आणि महिना-दीड महिन्यात चकती व पाळ एकमेकांना सरस लावल्यागत धरून बसतात. परदेशी उत्पादकांच्या पुस्तिकांत यंत्र तीस दिवसांहून अधिक काळ बंद राहिले तर क्लच सोडवून घ्यावा अशी सूचना सामान्यतः आढळते. आमच्याकडे तर पावसाळाच चार महिन्यांचा, तेव्हा ती सूचना आम्हांला चौपट लागू आहे असे समजले पाहिजे.

ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या यंत्राचा क्लच दाट कुंदा गवतात शिरताच घसरू लागला, त्यातून धूर निघाला आणि जळक्या लायनिंगचा वास साऱ्या बागेत पसरला. घसरणे हा दोष आहे अशी माझी त्या वेळी समजूत होती. मी पाना घेऊन आठही नट आवळता येतील तितके आवळले, आणि घसरणे थांबले म्हणून समाधान पावलो. स्प्रिंगांची वेटोळी एकमेकींना टेकून त्यांचा भरीव ठोकळा झाला आहे, आता त्या स्प्रिंगा राहिल्या नसून नुसते पोलादी खांब उरले आहेत, आणि क्लच म्हणून त्या भागाचे अस्तित्व मी माझ्या हातांनी संपवले आहे, हे मला उमगले नाही. पुढच्या वर्षी बांधाच्या कडेला तोडलेल्या बाभळीचा खुंट गवतात झाकला गेला होता. पाती त्यावर आदळली, एकच कर्कश आवाज झाला, आणि गिअरबॉक्सचे कवच उभे चिरले. त्या दिवशी मिस्त्रीने फुटलेले दात माझ्या तळहातावर ठेवले, तेव्हा घसरणे हा त्या भागाचा दोष नव्हता, ते त्याचे कर्तव्य होते आणि ते करण्याची त्याला मी मनाई केली होती, हे मला कळले. त्यानंतर जे शिकलो ते पुढे क्रमाने देतो.

हंगामारंभीच्या तपासणीसाठी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, स्लॅशर जमिनीवर टेकवावा, पीटीओ बंद करावा, इंजिन थांबवावे, आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. चालकाच्या, शेजाऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती ती राहू देऊ नये. पाती पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याखेरीज क्लचवरील आच्छादनाला हात लावू नये. मग घडीच्या पट्टीने किंवा व्हर्निअरने प्रत्येक स्प्रिंगची लांबी मोजून ती वहीत नोंदवावी. पुस्तिकेत दिलेली लांबी हीच प्रमाण. आणि आठही स्प्रिंगा सारख्या लांबीच्या असणे हे त्या लांबीइतकेच महत्त्वाचे, कारण दाब एका अंगाला अधिक पडला तर चकती तिरपी झिजते. त्यानंतर बाहेरील प्लेट, चकत्या आणि पाळ ह्यांच्या कडांवरून खडूने किंवा अणकुचीदार खिळ्याने एक सरळ रेघ ओढावी. ह्या साध्या रेघेवर पुढची सारी परीक्षा अवलंबून आहे.

आता समोरासमोरच्या जोड्या धरून प्रत्येक नट दोन पूर्ण फेरे ढिला करावा, आणि दिलेले फेरेही वहीत लिहावेत. दहा मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टाचा एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर, आणि तेवढ्या अंतरातच क्लचची मर्यादा पुष्कळ बदलते. म्हणून ह्या कामात अंदाजपंचे चालत नाही. आच्छादन पुन्हा बसवून, आसपास कोणी नाही हे पाहून, चालकाने आसनावर बसावे. यंत्र जमिनीपासून किंचित उचलून, पाती मोकळी ठेवून, इंजिन मंद गतीवर असताना पीटीओ दोन-तीन सेकंद जोडावा आणि सोडावा. जड पाती आपल्या जडत्वामुळे एकदम गती घेत नाहीत. त्या ओढाताणीत ढिला केलेला क्लच घसरतो. इंजिन पुन्हा बंद करून, पाती थांबल्यावर, रेघ पाहावी. ती तुटली असेल, म्हणजे पाळीवरील खूण एकीकडे आणि प्लेटवरील दुसरीकडे गेली असेल, तर क्लच जिवंत आहे. नट मोजून तेवढेच फेरे परत आवळावेत, स्प्रिंगांची लांबी वहीतल्या नोंदीशी ताडून पाहावी आणि कामाला लागावे. रेघ अभंग राहिली असेल, तर चकत्या पाळीला धरून बसल्या आहेत. अशा वेळी इंजिनाचा वेग वाढवून त्या सोडवण्याचा प्रयत्न करू नये. क्लच उघडावाच लागेल.

एक सावधगिरी येथे सांगणे अगत्याचे आहे. काही युरोपीय बनावटीच्या क्लचांत नटांची योजना उलट असते, तेथे नट आवळल्यानेच चकत्यांवरचा दाब सुटतो. आणि काही क्लच कारखान्यातच कायमचे जुळवलेले असतात, त्यांच्या नटांना हात लावणे निषिद्ध असते. म्हणून आपल्या यंत्राबरोबर आलेली पुस्तिका जमिनीच्या सात-बाराच्या उताऱ्याइतकी जपून ठेवावी.

क्लच उघडल्यावर काय पाहावे? पोलादी पाळीवर आणि प्लेटांवर गंज असेल तर तो पॉलिशपेपरने काढून पृष्ठभाग कोरडा व स्वच्छ करावा. खोल चरे पडले असतील किंवा उष्णतेने प्लेट वाकली असेल तर ती बदलावी. चकतीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत व काळा पडला असेल तर ती अतितापली आहे असे समजावे. अनेक यंत्रांत नवी चकती एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर जाड असते. ती झिजून निम्म्यावर आली, की बदलण्याची वेळ आली असे मी मानतो. बदलताना दोन्ही चकत्या एकदम बदलाव्यात. चकतीवर तेल किंवा ग्रीस मुरले असेल तर ती धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. बाहेरून ती कोरडी दिसते, पण काम करताना तापली की आत मुरलेले वंगण वर येते आणि क्लच अवेळी घसरू लागतो. क्लचच्या शेजारीच क्रॉस असतो आणि त्याला दर आठ तासांनी ग्रीस देणे आवश्यक असते. परंतु वर ओघळलेले ग्रीस लगेच पुसून काढावे, कारण एका सांध्याचे जे औषध तेच दुसऱ्या सांध्याला विष ठरते. स्प्रिंगांपैकी एखादी निळसर झाली असेल, किंवा मोकळी करून उभी ठेवल्यावर इतरांहून आखूड भरत असेल, तर तिचा ताण गेला आहे. तीही काढून टाकावी.

उघडलेल्या क्लचमधील भुकटी तोंडाने फुंकणे किंवा हवेच्या पंपाने उडवणे ही आमच्या कारखान्यांतील जुनी खोड आहे, आणि ती घातक आहे. जुन्या चकत्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसात शिरले तर वर्षानुवर्षांनी असाध्य व्याधी जडतात. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे, एवढी दक्षता पुरेशी आहे आणि ती फुकट आहे.

आतापर्यंत सांगितलेला दोष क्लच न घसरण्याचा होता. उलट दोष अति घसरण्याचा. क्लच घसरत असताना इंजिनाची शक्ती नाहीशी होत नाही, ती उष्णता होते. मघाच्या हिशेबातील ३८ अश्वशक्ती म्हणजे सुमारे २८ किलोवॅट. जेवणाच्या ताटाहून लहान अशा त्या जागेत हजार वॅटच्या अठ्ठावीस विजेच्या शेगड्या एकदम पेटवल्यासारखे ते आहे. दोन-तीन सेकंद चकती हे सहन करते. अर्ध्या मिनिटात ती जळते, आणि खाली वाळलेले गवत असेल तर वणवा लागण्याचे भय असते. म्हणून धूर दिसताच पीटीओ तत्काळ सोडावा, यंत्र निवू द्यावे आणि कारण शोधावे. कारण पुष्कळदा क्लचमध्ये नसून चालवण्याच्या पद्धतीत असते: बोथट पाती, प्रमाणाबाहेर दाट गवतात प्रमाणाबाहेर वेगाने शिरणे, किंवा इंजिन भर वेगात असताना एकदम पीटीओ जोडणे. पीटीओ नेहमी मंद गतीवर, मोकळ्या जागी जोडावा, पाती फिरू लागल्यावर वेग ५४० वर आणावा आणि मगच गवतात शिरावे. ह्या एका सवयीने चकतीचे आयुष्य जितके वाढते तितके कोणत्याही महाग सुट्या भागाने वाढत नाही.

कित्येक स्वस्त यंत्रांवर घर्षण क्लचऐवजी शिअर बोल्ट असतो. मर्यादा ओलांडली की तो तुटतो आणि बाकीचे यंत्र वाचते. तत्त्व तेच, फरक इतकाच, की क्लच नमून पुन्हा उभा राहतो आणि बोल्ट आपला प्राण देतो. परंतु वारंवार तुटतो म्हणून त्याच्या जागी अधिक कठीण पोलादाचा बोल्ट ठोकणारा शेतकरी तीच चूक करतो जी मी नट आवळून केली होती. तसेच काही दांड्यांवर एकाच दिशेने पकडणारा दुसराही एक क्लच असतो. ट्रॅक्टर थांबवला तरी जडत्वाने फिरत राहिलेल्या पात्यांनी जुन्या ट्रॅक्टरला पुढे ढकलू नये, एवढेच त्याचे काम. तो आहे म्हणून धक्क्यापासूनही संरक्षण आहे, अशी गल्लत होऊ देऊ नये.

आणि ह्या साऱ्यांहून मोठी गोष्ट मनुष्याच्या जिवाची. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, ओढणी किंवा गळ्यातले उपरणे फिरत्या दांड्याला लागले, तर मागे ओढण्याइतका अवकाशही मनुष्याला मिळत नाही. आणि क्लच येथे कामास येत नाही, कारण मानवी देह त्या पिळाला अडथळा असा वाटतच नाही. यंत्राला नमवण्यासाठी अभियंत्यांनी क्लच दिला. मनुष्याला वाचवण्यासाठी त्यांनी दांड्यावरचे आच्छादन दिले आहे. ग्रीस देण्यास अडचण होते म्हणून ते काढून गोठ्याच्या छपरावर फेकलेले मी अनेक घरी पाहिले आहे, आणि ज्या घरी पाहिले तेथे ते पुन्हा बसवावे म्हणून विनंती केली आहे.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकण्याची चाल आहे. वर्षभर जू ज्या जागी टेकले, त्या जागेवर हळद आणि तूप लावून पळसाच्या पानाने ती हळूहळू चोळायची. घरातील वडीलधारा मनुष्य हे काम स्वतः करी, आणि चोळता चोळता त्याच्या बोटांना खांद्यावरची गाठ, सूज किंवा घट्टा कळून येई. पूजा आणि तपासणी एकाच हाताने होत असे. जनावराचे बळ अवजाराला जेथून पोचते ती जागा वर्षातून एकदा तरी आपल्या हाताखालून गेली पाहिजे, हे त्या चालीतील शहाणपण. आता कित्येक गोठ्यांत बैलाच्या जागी ट्रॅक्टर उभा आहे. त्याला हार घालतात, हळदकुंकू वाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचे बळ अवजाराला जेथून पोचते ती जागा म्हणजे तो आठ स्प्रिंगांचा क्लच होय. आणि पोळा नेमका अशा तिथीला येतो, जेव्हा पावसाळ्याचा दमटपणा त्यात पुरता मुरलेला असतो आणि गवत कापण्याचा हंगाम आठवड्यावर आलेला असतो. गेली काही वर्षे मी खांदेशेकणीच्या त्या संध्याकाळी घरच्या बैलजोडीचे खांदे शेकून झाले, की हात धुऊन, वही, पाना आणि खडूचा तुकडा घेऊन स्लॅशरजवळ बसतो. रेघ ओढतो, नट मोजून ढिले करतो, मुलगा आसनावर चढतो, दोन सेकंद पीटीओ जोडतो. मग कंदील जवळ नेऊन आम्ही दोघे वाकून पाहतो; आणि रेघ तुटलेली दिसली, की आणखी एका वर्षापुरता हा मुका जामीनदार आपल्या शब्दाला जागणार, ह्या खात्रीने मी आठही नट मोजून परत आवळतो.